यंत्राचा दुसरा इतिहास

यंत्रांचे इतिहास बहुधा कारखान्याच्या दारापाशी संपतात. अमुक यंत्र कोणी कल्पिले, कोणत्या साली बाहेर पडले, किती खपले आणि कोणत्या नव्या यंत्राने त्याला मागे सारले, एवढे सांगितले की ग्रंथकार लेखणी खाली ठेवतो. परंतु विकले गेलेले यंत्र ज्याच्या घरी जाते त्याच्या घरी ते वीस, तीस, क्वचित शंभर वर्षेही नांदते. तो मालक ते वापरतो, मोडतो, दुरुस्त करतो, गरजेप्रमाणे त्यात फेरफार करतो. ह्या नांदण्याचाही एक इतिहास असतो. पण तो कागदावर क्वचित सापडतो, लोखंडावरच वाचावा लागतो. आज आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो ते ह्या दुसऱ्या इतिहासाकडे. विषय वरकरणी हौशी वाटेल. अमेरिकेतील एखादा गृहस्थ घराशेजारच्या गॅरेजात सत्तर-ऐंशी वर्षांची जुनी ‘हॉट रॉड’ पिकअप गाडी खोलून बसतो, आणि वर्ष-दोन वर्षांच्या खटाटोपाने ती पुन्हा रस्त्यावर आणतो. ह्यात इतिहासाने लक्ष घालावे असे काय आहे? आमचे म्हणणे असे की, त्या गॅरेजात एक मोठा प्रश्न रोज उभा राहतो: यंत्र कोणाचे म्हणावे, घडवणाऱ्याचे की ते जाणून वापरणाऱ्याचे?

प्रथम शब्दांचा उलगडा करू. पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची बैठक आणि मागे उघडा हौदा असलेली मालाची लहान मोटार. हॉट रॉड म्हणजे जुनी, बहुधा स्वस्तात मिळालेली गाडी घेऊन, तिच्यावरचे अनावश्यक ओझे उतरवून, तिचे इंजिन बळकट करून किंवा दुसरेच इंजिन बसवून, वेगासाठी मालकाने नव्याने घडवलेली गाडी. हा शब्द सर्वतोमुखी झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. वस्तू मात्र शब्दाहून जुनी आहे.

तिचे मूळ शोधू लागलो तर ते शर्यतीच्या मैदानात सापडत नाही, शेतात सापडते. हेन्री फोर्डने १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १७७ घन इंचांचे आणि अवघ्या २० अश्वशक्तीचे. १९१३ साली हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या रांगेवर जुळणी सुरू झाली, आणि गाडीचा सांगाडा जुळवायला पूर्वी बारा तासांहून अधिक लागत तिथे पुढे सुमारे दीड तास पुरू लागला. किंमत उतरत गेली. १९०८ मध्ये ८५० डॉलरपर्यंत असलेली गाडी १९२० च्या दशकाच्या मध्यास, साध्या उघड्या स्वरूपात, ३०० डॉलरच्याही खाली आली. १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले तोवर अशा दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या.

ह्यांतील कितीतरी गाड्या अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या घरी गेल्या. शेतकऱ्याचे घर शहरापासून कोसांवर; गाडी अडली तर मिस्त्री यायचा कोठून? पण त्याच्या छपरात ऐरण, हातोडा, कानस आणि पाने होते, आणि औजार मोडले तर ते आपणच सांधायचे ही पिढीजात सवय होती. त्याने मोटारीलाही औजारच मानले. मागचे एक चाक जॅकने उचलायचे, त्यावर पट्टा चढवायचा, आणि त्या पट्ट्यावर लाकूड कापायची करवत चालवायची, पाणी उपसायचे, धान्य भरडायचे. कोणी त्यावर घरातले कपडे धुण्याचे यंत्रही फिरवले. ट्रॅक्टरच्या पुलीवर मळणीयंत्र चालवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही. गाडीचा मागचा भाग काढून तेथे लाकडी पेटी ठोकायची आणि दूध, भाजी, खत वाहायचे, हाही त्यातलाच प्रकार. मोटारीचा ट्रॅक्टर करून देणारे सुटे संच विकणारे व्यापारीसुद्धा निघाले. अखेर १९२५ साली फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच हौदा बसवून आलेली ‘मॉडेल टी’ २८१ डॉलरला विकायला काढली. म्हणजे पिकअपची गरज आणि तिचा पहिला कच्चा नमुना मालकांच्या आवारात सिद्ध झाला होता. कारखाना मागाहून आला. ही गोष्ट पुढील विवेचनाकरिता ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शेतावरची ही सवय शहरातील तरुणांच्या हाती आली आणि तिचे रूप पालटले. स्थळ दक्षिण कॅलिफोर्निया. १९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर नवी मोटार घेण्याची ऐपत थोड्यांची, पण जुन्या फोर्ड गाड्या भंगाराच्या भावात मिळत. लॉस एंजेलिसच्या परिसरात एड विनफील्डसारखे कुशल कारागीर त्याआधीपासूनच वेगळ्या घडणीचे कार्बुरेटर आणि कॅमशाफ्ट तयार करीत होते. शहराच्या ईशान्येस मोहावी वाळवंटात मुरॉकसारखी कोरडी सरोवरे होती: मैलोन्‌मैल सपाट, कठीण माती, ना झाड, ना वळण. गाडी जिवाच्या आकांताने पळवून तिचा वेग मोजायला ह्याहून चांगली जागा कोणती?

तेथे जाणाऱ्या गाड्यांचे जे रूप आज ‘शैली’ म्हणून ओळखले जाते, ते मुळात हिशेबातून आले. मडगार्ड काढले, कारण वजन आणि वाऱ्याचा अडथळा कमी होतो. पुढची काच आखूड केली किंवा काढलीच, कारणही तेच. पुढचा आख आणि पाटे असे बसवले की गाडी जमिनीलगत आली. मागे मोठी चाके घातली, कारण इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर कापते. सौंदर्य मागाहून दिसू लागले; आधी ती निव्वळ काटकसर आणि भूमिती होती.

१९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे ‘व्ही-८’ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवले आणि ह्या तरुणांना जणू घबाड मिळाले. आधीच्या ‘मॉडेल ए’चे इंजिन ४० अश्वशक्तीचे, हे २२१ घन इंचांचे आणि ६५ अश्वशक्तीचे. आठ सिलिंडरांचा ठोकळा अखंड ओतलेला, म्हणून स्वस्त. त्याचे व्हॉल्व्ह डोक्यावर नसून सिलिंडरांच्या बाजूस ठोकळ्यातच असत, त्यामुळे वरचे झाकण सपाट. त्यावरूनच त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणू लागले. १९३७ साली ह्या तरुणांच्या लहान लहान क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली, आणि वाळवंटातील धावपळीला घड्याळ, नियम व नोंदवही मिळाली. कॅन्सासमधून आलेल्या व्हिक एडलब्रॉक नावाच्या मिस्त्रीने १९३८ साली १९३२ ची एक फोर्ड घेतली आणि तिच्या इंजिनात इंधन-वायूचे मिश्रण अधिक सुलभ जावे म्हणून स्वतः नळीजोड आखला. ह्या एका जोडातून पुढे एक नामांकित उद्योग उभा राहिला.

मग युद्ध आले. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन बंद झाले. हजारो तरुण विमानांची इंजिने, जोडकाम आणि यंत्रमाप शिकून १९४५ नंतर घरी परतले. मुरॉकचे सरोवर तोवर लष्कराने विमानांसाठी घेतले होते. त्याच आवारातून उडालेल्या विमानाने १४ ऑक्टोबर १९४७ रोजी ध्वनीचा वेग ओलांडला. मोटारवाले एल मिराज ह्या दुसऱ्या सरोवराकडे वळले. बिल बर्क ह्याने १९४६ साली लढाऊ विमानाची टाकून दिलेली इंधनटाकी घेऊन तिच्यात इंजिन बसवले आणि शर्यतीची गाडी केली. स्टुअर्ट हिलबॉर्न ह्याने स्वतः तयार केलेल्या इंधन फवारणीच्या योजनेने १९४८ साली ताशी १५० मैलांची वेस ओलांडली. त्याच वर्षीच्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसन ह्याचे ‘हॉट रॉड’ मासिक निघाले, आणि १९४९ मध्ये यूटामधील बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला वेगसप्ताह भरला.

ह्या वैभवाची काळी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. वाळवंट दूर होते आणि शहरातला रस्ता दाराशी होता. रात्री भर रस्त्यात शर्यती लागत. माणसे मरत, आणि मरणारा दर वेळी शर्यत लावणाराच असे असेही नव्हते. इंजिनाची शक्ती दुप्पट झालेली आणि ब्रेक मात्र जुनेच, अशा गाड्या हा नागरिकांच्या रोषाचा न्याय्य विषय होता. १९५१ साली वॉली पार्क्स ह्याच्या पुढाकाराने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन झाली ती ह्याच पार्श्वभूमीवर. तरुणांना रस्त्यावरून उठवून सरळ, बंदिस्त पट्ट्यावर आणायचे आणि पळण्याआधी गाडीची तपासणी सक्तीची करायची, हा तिचा मार्ग. १९५३ साली पोमोना येथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. स्वयंशिस्तीने सुधारलेला छंद म्हणून ही हकिकत नोंदण्याजोगी आहे.

ह्या सर्व घडामोडींत पिकअप कोठे होती? ती कामाची गाडी असल्यामुळे शेतावर, बांधकामावर, दुकानाच्या मागे राबत होती आणि राबून झाली की स्वस्त मिळत होती. तिचा सांगाडा मजबूत, मागचा भाग हलका, इंजिनाभोवती हात घालायला जागा ऐसपैस. १९४८ साली फोर्डने मालवाहू गाड्यांची नवी मालिका काढली. तिच्यातील लहान पिकअप ‘एफ-१’, आणि १९५३ मध्ये तिची जागा घेणारी ‘एफ-१००’. ह्या गाड्या हॉट रॉडवाल्यांच्या आवडीच्या झाल्या. १९५५ मध्ये शेव्हरलेचे २६५ घन इंचांचे, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले, आटोपशीर ‘व्ही-८’ आले. साध्या रूपातही त्याची शक्ती १६२ अश्वशक्ती होती, आणि पाहता पाहता फोर्डच्या सांगाड्यात शेव्हरलेचे हृदय ही नेहमीची गोष्ट झाली. नॉर्म ग्राबाउस्की ह्याने ‘मॉडेल टी’च्या पुढच्या भागामागे आखूड केलेला ‘मॉडेल ए’चा हौदा आणि कॅडिलॅकचे इंजिन अशी एक गाडी जुळवली होती. १९५८ पासून दाखवल्या जाणाऱ्या ‘७७ सनसेट स्ट्रिप’ ह्या दूरचित्रवाणी मालिकेत ती आली आणि घरोघर पोहोचली. शेतकऱ्याने ठोकलेल्या लाकडी पेटीचा वंशज असा पडद्यावर मिरवू लागला.

इथवर गाडी घडवणाऱ्यांची कथा झाली. आता तिला सांभाळणाऱ्याकडे येऊ. आमच्या प्रतिपादनाचा कणा तेथेच आहे.

समजा, एखाद्याच्या हाती १९४८ ची पिकअप आली. १९५५ च्या सुमारास कोणा अज्ञात तरुणाने तिचा पुढचा आख खाली घेतला, इंजिन बदलले, पत्र्यातली खोच शिशाने भरली आणि वर लाल रंग दिला. पुढे ती तीस-चाळीस वर्षे छपराखाली पडून राहिली. आता ‘जीर्णोद्धार’ करायचा म्हणजे नेमके काय करायचे? एक मार्ग असा, की तरुणाचे सारे काम काढून टाकावे आणि गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसासारखी करावी. दुसरा, की तरुणाने केली तशीच ती राखावी. तिसरा, की दोन्ही विसरून आजच्या सोयीने तिचे नवे रूप घडवावे, नवा सांगाडा, नवे इंजिन, वर जुना पत्रा. तिन्ही मार्गांना जीर्णोद्धारच म्हणतात, आणि तिन्हींचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

आपल्याकडील देवळांच्या बाबतीत हा प्रश्न परिचयाचा आहे. मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप चढतात. एक दिवस शेंदराचे कवच गळून पडते आणि आतून जुन्या घडणीची सुबक मूर्ती दिसते. कलेचा अभ्यासक आनंदतो, आणि त्याचे चूक नाही. पण तो शेंदूर म्हणजे शेकडो हातांची भक्ती होती, तोही इतिहासच होता, हे विसरून कसे चालेल? हॉट रॉडवरचा शिसे भरलेला सांधा हा असाच एक लेप आहे. कारखान्याने त्या सालच्या हजारो पिकअप अगदी एकसारख्या काढल्या. त्या तरुणाच्या हातची मात्र ही एकच आहे. कारखान्याचे नकाशे, नोंदी, छायाचित्रे सुरक्षित आहेत. तरुणाने काहीही लिहून ठेवलेले नाही. त्याचा सांधा खरवडला की त्याचा एकमेव कागद फाडला गेला असे समजावे. मोटारींच्या प्रतिष्ठित जगालाही हे पटायला वेळ लागला. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील जुन्या मोटारींच्या मानाच्या प्रदर्शनात हॉट रॉडना स्वतंत्र वर्ग मिळाला तो १९९७ साली.

म्हणून घरी जीर्णोद्धार करणाऱ्याचे पहिले औजार पाना नव्हे. वही हे त्याचे पहिले औजार. जुन्या दप्तराचे रुमाल सोडणारा संशोधक कागदांचा क्रम मोडण्याआधी तो टिपून ठेवतो, तसेच येथे. एकही नट सैल करण्याआधी चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक सुटा भाग, त्याचे बोल्ट आणि वायसर वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. सांगाड्यावरचे आणि इंजिनावरचे ठोकलेले आकडे उतरून घ्यावेत. रंगाचा कोपरा हलकेच घासला की थरांमागून थर दिसतात: लाल, त्याखाली राखाडी, त्याखाली कारखान्याचा हिरवा. सांगाड्याला कोठे वापर नसलेली भोके दिसतात. तेथे कधीकाळी वेगळ्या इंजिनाचा आधार बसवला होता हे ती सांगतात. घरी हाती घेतलेल्या कितीतरी गाड्या अर्ध्यावर राहतात त्या पैशाअभावी तर खऱ्याच, पण तितक्याच ह्या वहीच्या अभावी. उत्साहाने आठवड्यात खोललेली गाडी दोन वर्षांनी कोणत्या बोल्टाने कोठे जोडायची हे कोणालाच आठवत नाही.

दुसरे तत्त्व क्रमाचे. हौशी माणसाला आधी रंग दिसतो; जाणत्याला आधी ब्रेक दिसतात. फोर्डने १९३९ च्या गाड्यांपर्यंत तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक दिले नव्हते. त्याआधीचे ब्रेक दांड्यांनी ओढले जात. चार चाकांची ओढ सारखी ठेवणे हे कौशल्याचे आणि सतत देखरेखीचे काम. अशा सांगाड्यावर तिप्पट-चौपट शक्तीचे इंजिन बसवले आणि ब्रेक तसेच ठेवले, तर ते जतन नव्हे, तो अपघाताचा पाया आहे. त्या काळचे शहाणे हॉट रॉडवालेही जुन्या गाडीला १९३९ नंतरच्या फोर्डचे ब्रेक लावीत. तेव्हा आमच्या मते नियम असा असावा: जे सांगते ते राखावे, जे मारते ते बदलावे, आणि जे बदलले ते लिहून ठेवावे.

ह्या नियमाचा विस्तार कामाच्या तपशिलातच कळतो. प्रथम ब्रेक, सुकाणू आणि पाटे, मग विजेच्या तारा, कारण त्या काळच्या कापडी आवरणाच्या तारा कुजून आग लागण्याचा संभव असतो, मग इंजिन, मग पत्रा, सर्वांत शेवटी रंग. फ्लॅटहेड इंजिनात जळालेला वायू बाहेर जाण्याच्या वाटा ठोकळ्याच्या आतून, पाण्याच्या कप्प्यांतून जातात, त्यामुळे ते तापते. कप्प्यांत साठलेला गंज आणि ओतकामाची वाळू काढल्याशिवाय नवा रेडिएटर लावणे व्यर्थ. व्हॉल्व्ह आणि सिलिंडर ह्यांच्यामध्ये ठोकळ्याला चीर गेली आहे काय, हे तो बोअर करण्यास पैसे खर्चण्याआधी तपासून घ्यावे. ‘मॉडेल टी’ आणि ‘मॉडेल ए’च्या इंजिनांत बेअरिंग सुटे नसते, बॅबिट नावाचा मऊ पांढरा मिश्रधातू जागेवर ओतून तो मापात आणावा लागतो, आणि ही विद्या जाणणारे हात आता थोडे राहिले आहेत. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांना तेलात जस्त आणि फॉस्फरस ह्यांची संयुगे हवी असतात. नव्या गाड्यांच्या धूरशुद्धी यंत्रणेला ती बाधतात म्हणून आजच्या बहुतेक तेलांत ती कमी केली गेली आहेत. तेव्हा तेल निवडताना डब्यावरचा मजकूर वाचावा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि फाटतात, त्या बदलाव्यात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून गाडी उभी असली तरी ते ठरावीक काळाने बदलावे. सहा व्होल्टची जुनी बॅटरी ठेवली तर तारा जाड लागतात आणि जोड स्वच्छ लागतात. बारा व्होल्ट केले तर दिवे, मोटरी, सारेच बदलावे लागते. शेव्हरलेच्या १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धातील गाड्यांत पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असे. तेथे मिस्त्रीबरोबर सुताराचीही गरज पडते.

आणि घरी काम करणाऱ्याने आपला जीवही जपावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. सांगाड्याखाली भक्कम घोड्या द्याव्यात. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ती धूळ फुंकरीने उडवू नये. शिसे भरलेले सांधे आणि जुना रंग ह्यांची भुकटी श्वासातून पोटात गेली तर विषच. ह्या गोष्टी लिहिण्यात रुक्षता वाटेल; पण हातकामाची नीती अशा रुक्ष वाक्यांतच राहते.

येथे कोणी विचारील, हे सारे दूरदेशीचे. आपल्याला त्याचे काय? उत्तर असे की, नेमका हाच प्रश्न आपल्या कायद्यापुढेही आला आहे. अमेरिकन मोटारी आपल्याला परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता, आणि आपल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या अशा गाड्या खोलतच शिकल्या. २०२१ च्या जुलैत भारत सरकारने जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन ह्यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती न झालेली गाडी हीच ‘व्हिंटेज’, अशी त्यांची व्याख्या. त्याआधी २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ घडणीपासून दूर जाईल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला होता. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी असा निर्बंध असावा हे आम्ही मान्य करतो. वर सांगितलेल्या अपघातांचा इतिहास त्याच्याच बाजूचा आहे. पण ह्या व्याख्येप्रमाणे १९५५ मध्ये फेरफार झालेली हॉट रॉड, तिचा फेरफार सत्तर वर्षांचा झाला तरी, इतिहासात जमा होऊ शकत नाही. कारखान्याचा हात तेवढा ऐतिहासिक, मालकाचा हात म्हणजे बिघाड, असा त्याचा अर्थ होतो. सुरक्षिततेची तपासणी आणि इतिहासाची ओळख ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच वाक्यात बांधल्याने दुसरीवर अन्याय होतो.

ह्या वादाचे मोल केवळ जुन्या गाड्यांपुरते नाही. ज्या अमेरिकन शेतकऱ्याच्या आजोबांनी ‘मॉडेल टी’च्या चाकावर पट्टा चढवला, त्याच्या ट्रॅक्टरात आज संगणक आहे, आणि तो संगणक उघडण्याची किल्ली पुष्कळदा कंपनीपाशी. २०१५ साली तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाने, लेखाधिकाराच्या कायद्याला अपवाद करून, मालकाला आपल्या वाहनाच्या व ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी आतली आज्ञावली उघडण्याची मुभा दिली. आपल्याच यंत्राच्या दुरुस्तीला परवानगी लागावी, ह्यातच काळ किती बदलला ते दिसते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ आणि पुन्हा २०२० मध्ये मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडेही २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली.

ह्या पार्श्वभूमीवर त्या गॅरेजातील गृहस्थाकडे पाहावे. त्याने वाचवलेली पिकअप हे अखेर एक वाहन आहे. ती नसती तरी जगाचे अडले नसते. पण ती खोलून, समजून, पुन्हा जोडून चालती करण्याची जी ओळख त्याने मिळवली, ती विकत मिळत नाही आणि वारशानेही येत नाही. ती प्रत्येक पिढीला स्वतःच्या हातांनी कमवावी लागते. दोन्ही महायुद्धांमधल्या काळात शेतकऱ्याने ती कमावली, मंदीत आणि युद्धानंतर शहरातल्या पोरांनी कमावली. ती कमावण्याला वाव राहील अशी यंत्रे आणि असे कायदे आपण ठेवणार की नाही, हे आता आपल्यावर आहे. वस्तू घेतली की ती आपली होते असे व्यवहार सांगतो. ती उघडता आली, सांधता आली, आणि तिच्यावर आधी झिजलेल्या हातांची नोंद राखता आली, म्हणजे ती खरोखर आपली झाली, असे हा दुसरा इतिहास सांगतो. आणि आम्हांला त्याची साक्ष अधिक विश्वसनीय वाटते.